वाफेचे छोटे इंजिन रत्नागिरीत मागवताना आणि चालवताना

घरातल्या टेबलावर मावेल एवढे, पण खरोखर वाफेवर चालणारे इंजिन आपल्याकडे असावे, अशी इच्छा असलेली माणसे कोकणात बरीच आहेत. माझ्याकडे तसे इंजिन आल्याचे कळल्यापासून मला सतत तेच ते प्रश्न विचारले जात आहेत. ते नवे मिळते का, कस्टममधून सुटते का, परवाना लागतो का, इंधन कुठून आणायचे आणि आपल्या खाऱ्या हवेत ते टिकते का? मी व्यवसायाने हिशेबनीस आहे आणि यंत्रांचे शिक्षण मला नाही. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ ते जून २०२५ या काळात जे जे करावे लागले ते क्रमाने आणि खर्चासह लिहून ठेवते आहे. ज्यांना हे सगळे आवाक्याबाहेरचे वाटते त्यांना याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

आपल्या किनाऱ्यावर वाफ समुद्रावरून आली. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला तेव्हा देशात वाफेच्या इंजिनांचे दिवस संपत आले होते, आणि या मार्गावर गाडी आली ती डिझेलची. त्याआधीच्या पिढ्यांना वाफ माहीत होती ती आगबोटीची. माझे सासरे लहानपणी रत्नागिरीहून मुंबईला बोटीने गेलेले आहेत. बोट बाहेर नांगरलेली असायची, पडावातून तिच्यापर्यंत जायचे आणि शिडीवरून वर चढायचे, हे ते आजही बारकाव्यांसकट सांगतात. मला मात्र त्यांच्या बोलण्यातल्या इंजिनखोलीचेच कुतूहल होते. उष्णतेपासून गती कशी निर्माण होते हे चित्रात पाहून समजते, पण ते डोळ्यांसमोर घडताना पाहावे, असे मला फार वर्षांपासून वाटत होते.

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर चौकशीला सुरुवात केली. अशी इंजिने आजही नवी तयार होतात. जर्मनीतील ल्यूडनशाइड येथील विलेस्को ही कंपनी १९५० पासून वाफेची छोटी इंजिने बनवते. इंग्लंडमधील मॅमॉडची परंपरा १९३० च्या दशकापासूनची आहे. अमेरिकेतील जेन्सन हे नावही या क्षेत्रात जुने आहे, पण त्यांची बरीच इंजिने तिथल्या १२० व्होल्टच्या विजेच्या हीटरवर चालतात, म्हणजे आपल्याकडे वेगळा ट्रान्स्फॉर्मर घ्यावा लागतो. युरोपात २३० व्होल्टवर चालणारे प्रकार मिळतात, मात्र ते घन इंधनाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या इंजिनांपेक्षा बरेच महाग असतात.

दुसरा प्रकार गरम हवेवर चालणाऱ्या इंजिनांचा. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ मध्ये या इंजिनाचे पेटंट घेतले. यात बॉयलर नाही, पाणी नाही आणि दाबाखालची वाफही नाही. बंद जागेतली हवा एका बाजूने तापवायची आणि दुसऱ्या बाजूने थंड ठेवायची, म्हणजे तिच्या प्रसरण-आकुंचनावर पिस्टन मागेपुढे होतो. १९८० च्या दशकात झाग्रेब विद्यापीठातील इव्हो कोलिन यांनी अगदी थोड्या तापमान-फरकावर चालणारे इंजिन दाखवले आणि पुढे अमेरिकेतील जेम्स सेन्फ्ट यांनी ते आणखी सुधारले. चहाच्या कपावर ठेवून फिरणारी आजची छोटी इंजिने याच घराण्यातली आहेत.

मी आधी गरम हवेचे इंजिन घ्यायचे ठरवले आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सुचवेन. ते देशातल्याच विक्रेत्याकडे मिळते, त्यामुळे कागदपत्रांचा प्रश्न येत नाही. दाब नसल्याने भीतीही नसते. शिवाय सुटे भाग हाताळण्याची, चाक हलकेच फिरवून कुठे घासते आहे हे ओळखण्याची सवय बोटांना होते आणि ती सवय पुढे वाफेच्या इंजिनाला उपयोगी पडते. मला ते ३,१०० रुपयांना पडले आणि आठवड्याभरात घरी आले.

या इंजिनाची रचना सांगण्याजोगी आहे. ॲल्युमिनिअमच्या दोन गोल चकत्या आणि त्यांच्यामध्ये पारदर्शक कडे असते. आत फोमची एक चकती वरखाली होते, तिला डिस्प्लेसर म्हणतात. ती खाली आली की हवा वरच्या थंड बाजूला ढकलली जाते आणि वर गेली की खालच्या गरम बाजूला येते. शेजारी काचेच्या बारीक नळीत ग्रॅफाइटचा पिस्टन असतो आणि डिस्प्लेसर व पिस्टन हे दोघेही एकाच चाकाला पाव फेऱ्याच्या अंतराने जोडलेले असतात. ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचे काम करतो, म्हणून त्या पिस्टनला तेल अजिबात लावायचे नाही. तेल लागले की तो नळीला चिकटतो.

चांगली इंजिने हाताच्या उबेवरही चालतात, असे जाहिरातीत लिहिलेले असते. हे वाक्य थंड देशांना लागू आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात आमच्या खोलीतच ३२–३३ अंश तापमान होते, म्हणजे तळहात आणि हवा यांत फरक असा उरतच नव्हता. चहाचा वाफाळता कप खाली ठेवून मिनिटभर थांबले, चाकाला बोटाने हलका धक्का दिला आणि ते फिरू लागले. ती पहिली फेरी पूर्ण होताना झालेला आनंद मला अजून आठवतो. नंतर लक्षात आले की कोकणात या इंजिनाला बर्फ जास्त मानवतो. बर्फाने भरलेल्या स्टीलच्या वाटीवर इंजिन ठेवले की खालची चकती थंड आणि वरची खोलीच्या तापमानाची होते. मग खालून उष्णता न देताही चाक फिरते, पण उलट्या दिशेने. कुठली बाजू गरम आणि कुठली थंड हे बदलले की फिरण्याची दिशाही बदलते, हे तत्त्व मला वाचून कळले नव्हते इतके त्या एका वाटीने कळले. फक्त आपल्या दमट हवेत थंड चकतीवर लगेच पाणी धरते, ते पुसायला मऊ फडके हाताशी ठेवावे.

वाफेचे इंजिन मागवायचा निर्णय नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाला. त्याआधी बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एक प्रश्न विचारला होता. "अगो, बॉयलर म्हणतेस, तर त्याला सरकारी परवाना नको का?" प्रश्न रास्त होता. बॉयलर म्हटले की त्याची नोंदणी आणि तपासणी आलीच, आणि महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय पाहते. म्हणून मी कायदाच वाचून काढला. तेव्हा १९२३ चा बॉयलर कायदा लागू होता, त्यानंतर मे २०२५ पासून बॉयलर अधिनियम, २०२५ लागू झाला. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेच्या बॉयलरला हा कायदा लागू होत नाही, आणि जुन्या कायद्यातही मर्यादा तीच होती. मी घेत असलेल्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये पाव लिटरही पाणी मावत नाही. परवाना लागत नसला तरी काळजी घ्यायची जबाबदारी संपत नाही. बंद भांड्यातली वाफ लहान असो की मोठी, तिचा स्वभाव एकच असतो.

मागणी नोंदवण्याआधी जर्मनीतील दुकानदाराशी ईमेलवर तीन गोष्टी स्पष्ट करून घेतल्या आणि त्या सर्वांनीच करून घ्याव्यात. पहिली गोष्ट इंधनाची. या इंजिनांबरोबर येणाऱ्या पांढऱ्या गोळ्या हेक्झामिनच्या असतात. हवाई वाहतुकीत त्यांची गणना ज्वालाग्राही घन पदार्थांत होते, म्हणून त्या टपालाने पाठवता येत नाहीत. खोक्यात त्यांचे पाकीट राहिले तर सगळे पार्सलच अडकू शकते. ते काढून टाकायला सांगितले. दुसरी गोष्ट पार्सलवर चिकटवायच्या सीएन २३ या कस्टम घोषणापत्राची. त्यावर वस्तूचे वर्णन मोघम न लिहिता 'वाफेच्या इंजिनाचे प्रात्यक्षिक मॉडेल, इंधनाशिवाय' असे लिहावे आणि खरी किंमत टाकावी, असे कळवले. तिसरी गोष्ट म्हणजे बीजकाची एक प्रत खोक्याच्या बाहेरच्या पाकिटात आणि एक ईमेलवर. पार्सलवर भेटवस्तू असे लिहून किंमत कमी दाखवावी, असा सल्ला मला ओळखीत मिळाला होता. तो मी मानला नाही. ते खोटे ठरलेच असते, आणि तसेही डिसेंबर २०१९ पासून टपालाने येणाऱ्या भेटवस्तूंना राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता शुल्कमाफी मिळत नाही.

किंमत १६० युरो आणि टपालखर्च ३८ युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण १७,७०० रुपये झाले. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते ॲपमधून आधी सुरू करावे लागतात आणि पैसे भरून झाले की पुन्हा बंद करून ठेवणे बरे. परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावरचा जीएसटी मिळून बँकेने वेगळे ७३० रुपये कापले. हा आकडा दुकानाच्या पानावर कुठेच दिसत नाही, म्हणून तो हिशेबात आधीच धरावा.

खासगी कुरिअरऐवजी मी टपाल निवडले. कुरिअर लवकर येते, पण त्याचे स्वतःचे हाताळणी शुल्क असते आणि केवायसीची कागदपत्रे तिथेही द्यावी लागतात. टपालाच्या पार्सलला डीई या अक्षरांनी संपणारा १३ अक्षरांचा क्रमांक मिळतो आणि तोच भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावरही चालतो. दहाएक दिवसांत पार्सल भारतात पोहोचल्याची नोंद दिसली. मग कस्टमकडे दिल्याची नोंद झाली आणि पुढे बराच काळ त्यात काहीच बदल झाला नाही. रोज सकाळी तो क्रमांक घालून पाहायचा आणि तेच वाक्य वाचायचे, हा काळ मला सगळ्यात जड गेला. एवढे पैसे घालून आपण अविचार तर केला नाही ना, असे त्या दिवसांत मनात येई.

डिसेंबरच्या मध्यावर पत्र आले. त्यात बीजक, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागितला होता. त्याशिवाय वस्तूचे माहितीपत्रक आणि तिचा वापर कशासाठी होणार याचे निवेदनही हवे होते. शेवटच्या मागणीमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि त्यानुसार खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक असते. हा आदेश १४ वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी असलेल्या वस्तूंना लागू होतो. आता, वाफेचे इंजिन हे खेळणे की मॉडेल, हा प्रश्न पार्सल तपासणाऱ्या अधिकाऱ्याला पडणे स्वाभाविकच आहे, कारण दुकानेच त्याला दोन्ही नावांनी विकतात. माझ्या इंजिनाच्या खोक्यावर आणि माहितीपत्रकात ते १४ वर्षांवरील व्यक्तींसाठी असल्याचे छापलेले होते. ते पान मी छापून त्यावर खूण केली. निवेदनात चारच वाक्ये लिहिली: मी प्रौढ व्यक्ती आहे, ही एकच वस्तू स्वतःच्या छंदासाठी मागवली आहे, ती विकणार नाही, आणि ती मुलांच्या खेळासाठी नाही. सगळ्या प्रतींवर सही करून स्पीड पोस्टने पाठवल्या आणि त्यांच्याच स्कॅन केलेल्या प्रती ईमेलवरही पाठवल्या. निर्णय प्रत्येक पार्सलपुरता अधिकाऱ्याच्या हाती असतो. त्यामुळे वस्तू पसंत करतानाच तिच्यावर वयाची सूचना छापलेली आहे का, हे दुकानदाराकडून छायाचित्र मागवून पाहावे.

त्यानंतर तीनेक आठवडे गेले. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या टपाल कार्यालयातून फोन आला की पार्सल आले आहे आणि शुल्क भरून न्यावे. तेव्हा वैयक्तिक वापराच्या वस्तूवर मूळ सीमाशुल्क, त्यावर समाजकल्याण अधिभार आणि या सर्वांसकट होणाऱ्या किमतीवर आयजीएसटी म्हणजे आयातीवरचा जीएसटी, अशी एकावर एक आकारणी होत असे. टपालखर्चही मूल्यात धरला जातो. माझ्या पार्सलवर १३,७०० रुपयांच्या आसपास शुल्क पडले, म्हणजे वस्तूच्या किमतीला जवळजवळ पोहोचणारी रक्कम. हे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून मागणी नोंदवण्याच्या आठवड्यात ताजे दर पाहावेत. शुल्काची पावती आणि आकारणीचा कागद मी बीजकाला टाचून ठेवला आहे. पुढे कधी सुटे भाग मागवायचे झाले तर आधीची वस्तू रीतसर आल्याचा तो पुरावा राहील.

खोका उघडला तेव्हा प्रथम जाणवले ते वजन. निकेल चढवलेला पितळी बॉयलर आडवा, त्याच्या टोकाला पाण्याची पातळी दाखवणारी गोल काच आणि वर स्प्रिंगची सुरक्षा झडप होती. बाजूला छोटी शिट्टी आणि लाल रंगाचे बीडाचे चाक. सिलिंडर एका जागी घट्ट बसवलेला आणि त्याच्या पाठीवर वाफ आलटून पालटून दोन्ही बाजूंना सोडणारी सरकती झडप. यातला प्रत्येक भाग कशासाठी आहे हे बोट ठेवून सांगता येते, झाकलेले काहीच नाही, आणि हाच या इंजिनांचा मोठा गुण आहे.

इंजिन घरात असले तरी चालवायची तयारी व्हायला जानेवारीचा शेवट उजाडला. हेक्झामिनच्या गोळ्या सह्याद्रीत भटकंती करणाऱ्यांना चुलीसाठी लागतात, म्हणून त्या पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहण साहित्याच्या दुकानांत मिळतात. तिथून रस्त्याने येणाऱ्या कुरिअरने ६५० रुपयांच्या मागवल्या. या गोळ्या ओल धरतात, त्यामुळे आल्याबरोबर घट्ट झाकणाच्या बरणीत भरून वर चिठ्ठी चिकटवली. त्या विषारी आहेत आणि दिसायला साखरेच्या वड्यांसारख्या आहेत, त्यामुळे बरणी स्वयंपाकघरात ठेवूच नये. स्पिरिटच्या दिव्याचाही पर्याय असतो. परंतु डिनेचर्ड स्पिरिटच्या विक्रीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण आहे आणि दुकानदार ते सहज देत नाहीत. औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते, पण त्याची ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी असते, बॉयलरचा तळ काळा करते.

तेलासाठी कोल्हापूर गाठावे लागले. वाफेच्या सिलिंडरला गाडीचे इंजिन ऑइल चालत नाही. गरम ओल्या वाफेतही धातूला धरून राहणारे दाट सिलिंडर ऑइल लागते आणि साखर कारखान्यांमुळे कोल्हापूरच्या औद्योगिक वंगणाच्या दुकानांत ते असते. दुकानदाराने १५० रुपयांत लहान बाटलीभर सुटे दिले, तेवढे मला दोन वर्षे पुरेल.

पाण्याचा विचार आपल्या किनाऱ्यावर विशेष करावा लागतो. खाडीलगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि नळाच्या पाण्यातले क्षार बॉयलरमध्ये थर धरतात. पागोळ्यांचे पाणी साठवून वापरावे असे मला सुचवले गेले होते, पण समुद्राकाठच्या पावसातही मीठ उतरते. त्यापेक्षा गॅरेजमध्ये मिळणारे बॅटरीचे शुद्ध पाणी वापरावे. पाच लिटरचा कॅन १२० रुपयांना मिळाला. विकत घेताना ते पाणीच आहे, बॅटरीचे ॲसिड नाही, हे लेबल वाचून खात्री करून घ्यावी.

पहिल्यांदा चालवले ते रविवारी सकाळी, पडवीत. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि गोळ्यांची ज्योत एका बाजूला झुकते, म्हणून सकाळची वेळ बरी. बंद खोलीत तर चालवूच नये, कारण जळणाऱ्या हेक्झामिनचा वास डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. लादीवर स्टीलची मोठी परात ठेवून तिच्यात इंजिन ठेवले आणि बादलीभर पाणी जवळ आणून ठेवले. शेजारची मुले पाहायला आली होती, त्यांना पडवीच्या पायरीपलीकडे बसवले.

आधी सुरक्षा झडपेची दांडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडली. ती स्प्रिंगच्या जोराने जागेवर परत आली पाहिजे. हे प्रत्येक वेळी पेटवण्याआधी करायचे आणि त्या स्प्रिंगला कधीही हात लावून ती घट्ट करायची नाही, हा या छंदातला पहिला नियम आहे. मग झडप काढून छोट्या नरसाळ्याने पाणी भरले. पाणी आधी गरम करून घेतले तर इंधन वाचते. काचेतली पातळी पाऊण भागावर आल्यावर थांबले, कारण वर वाफेला जागा हवी. सिलिंडरच्या वंगणदाणीत दाट तेल आणि चाकाच्या आसाला शिलाई मशीनचे तेल लावले. मग बर्नरच्या तबकडीत गोळ्या मांडून पेटवल्या आणि ती बॉयलरखाली सरकवली.

काही वेळ काहीच होत नाही. मग बॉयलरमधून बारीक सूं असा आवाज येऊ लागतो. सात-आठ मिनिटांनी शिट्टीची दांडी जरा दाबून पाहिली, तर तिच्यातून आधी पाण्याचे तुषार आणि मग कोरडी वाफ आली. वाफेची चावी उघडून चाकाला धक्का दिला, तर ते अर्धा फेरा जाऊन थबकले आणि वापरलेली वाफ बाहेर सोडणाऱ्या निष्कास नळीतून गरम, तेलकट पाणी उडाले. थंड सिलिंडरमध्ये गेलेली पहिली वाफ पाणी होऊन बसते, तिला बाहेर पडू द्यावे लागते. म्हणून घाबरून चावी बंद न करता चाक हाताने तसेच फिरवत राहावे आणि नळीच्या तोंडाशी जुने फडके धरावे. सिलिंडर तापला, थुंकणे थांबले आणि चाकाने बोटांतून सुटका करून घेतली. मग त्याच्या आऱ्या दिसेनाशा झाल्या. बाबा खुर्ची ओढून अगदी जवळ बसले होते. सरकत्या झडपेच्या दांड्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "वास तोच गो. बोटीवर इंजिनाच्या बाजूला गेलं की असाच वास यायचा." गरम सिलिंडर ऑइलचा तो वास होता. मुलांनी पाळीपाळीने शिट्टी वाजवायची परवानगी मागितली आणि इंधन संपेपर्यंत ती वाजत राहिली.

इंधन पाण्याआधी संपले पाहिजे, हा दुसरा नियम. बॉयलर कोरडा पडून खाली ज्योत राहिली तर सांध्यांचे डाख वितळतात आणि इंजिन कायमचे जाते. काचेतली पातळी तळाशी आली की गोळ्या उरल्या असल्या तरी तबकडी बाहेर ओढावी. सुरक्षा झडप आपोआप उडू लागली तर त्यात धोका नाही, ती तिचे काम करते आहे, पण आच कमी करावी. चालवून झाल्यावर दाब पूर्ण उतरेपर्यंत झडप उघडायची नाही. दाब उतरला की मात्र ती लगेच सैल करावी, नाही तर थंड होताना बॉयलरच्या आत निर्वात तयार होतो. शिल्लक पाणी मी बिनसुईच्या सिरिंजने ओढून काढते आणि बॉयलर कोमट असतानाच झडप उघडी ठेवते, म्हणजे आतली ओल निघून जाते.

मार्चमध्ये सुरक्षा झडपेखालच्या वॉशरमधून वाफ निसटू लागली. वॉशर झिजणारच, ते नवे लागतात. मच्छीमार बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे जुना वॉशर घेऊन गेले. त्यांनी व्हर्नियरने त्याचे माप घेतले, उष्णता सहन करणाऱ्या फायबरच्या पत्र्यातून पंचने तसेच चार वॉशर कापून दिले आणि पैसे घ्यायला नकार दिला. मात्र इंजिन दाखवायला आणायची अट घातली, आणि पुढच्या रविवारी तिथल्या बाकावर इंजिन चालवून ती मी पूर्ण केली. मोठी इंजिने रोज हाताळणारी माणसे या छोट्या इंजिनाकडे किती आस्थेने पाहतात, हे मला तिथे दिसले. त्यांनीच बजावले की सुरक्षा झडपेच्या आट्यांवर नळकाम करणाऱ्यांची पांढरी टेप किंवा डिंक लावू नये.

आपल्या हवेतली खरी काळजी गंजाची आहे. पितळ काळवंडते एवढेच, पण बीडाचे चाक, पोलादी आस आणि स्क्रू यांच्यावर दोन दिवसांत तांबूस ठिपके दिसू लागतात. प्रत्येक वेळी चालवून झाले की सगळे कोरडे पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवावा. पितळेची भांडी आपण चिंचेने किंवा आमसुलाने लख्ख करतो, ती पद्धत इथे वापरू नये. आंबटपणा डाखाच्या सांध्यांत शिरून बसतो आणि निकेलचा मुलामाही खराब होतो. मऊ सुती फडके पुरते.

सगळा खर्च गरम हवेच्या इंजिनासकट सुमारे ३६,००० रुपये झाला, आणि त्यात शुल्काचा वाटा मोठा होता. केवळ गरम हवेच्या इंजिनावर थांबायचे ठरवले तर हाच छंद तीन-चार हजारांत होतो, आणि त्यातला आनंदही पुरेपूर असतो.

मे महिन्याच्या शेवटी इंजिन शेवटचे चालवले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस धरण्याआधी, चार महिन्यांसाठी बांधून ठेवले. बॉयलर पूर्ण वाळवला, पोलादी भागांवर तेलाचा जाडसर थर दिला, सुती कापडात गुंडाळले आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. पुड्या महिन्यातून एकदा बदलायच्या, म्हणून बदलीचा संच वेगळ्या बरणीत आहे. उरलेल्या गोळ्यांच्या बरणीच्या झाकणाला मेण लावले. गरम हवेचे इंजिन मात्र बाहेरच ठेवले आहे, कारण पावसाळ्यात खोलीचे तापमान उतरले की चहाच्या कपावर ते ऑक्टोबरपेक्षा जोमाने फिरते. नवीन इंजिन मागवू इच्छिणाऱ्यांनी मागणी नोव्हेंबरच्या आत नोंदवावी. म्हणजे कागदपत्रांत महिना-दीड महिना गेला तरी पार्सल कोरड्या हवेत घरी येते आणि पाऊस सुरू होण्याआधी ते चालवायला पुरेसे रविवार मिळतात. त्याच मागणीत वॉशरचा एक संच आणि पाणीपातळीची जादा काच घ्यावी, नंतर त्या दोन वस्तूंसाठी वेगळा टपालखर्च आणि वेगळे शुल्क पडते.